नर्सिंग म्हणजे नक्की काय?

गेल्या आठवड्यात एक तरुण आई दवाखान्यात आली. मांडीवर चार महिन्यांचं बाळ आणि स्वतःला सर्दी-खोकला. घरात खोकल्याच्या औषधाची बाटली होती, पण ती उघडण्याआधी तिने खोक्यातला तो बारीक अक्षरांचा कागद वाचला होता. असा कागद वाचणारे पेशंट मला फार आवडतात. तिने विचारलं, “डॉक्टर, यात लिहिलंय की नर्सिंग मदर्सनी हे औषध घेऊ नये. पण मी नर्स नाहीये, मी बँकेत आहे. मग मला चालेल ना?”

मला हसू आलं, पण मी ते आवरलं. तिची चूक काहीच नव्हती. ‘नर्सिंग’ हा शब्द ज्या अर्थाने आपल्याकडे रोज वापरला जातो, तोच अर्थ तिने घेतला होता. मी सांगितलं, “इथे नर्सिंग मदर म्हणजे बाळाला अंगावर पाजणारी आई. म्हणजे तुम्हीच.” ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “मग सरळ तसं का लिहीत नाहीत?”

याचं चांगलं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण तिच्या प्रश्नामुळे मला काही वर्षांपूर्वीची माझी एक चूक आठवली. तीही याच शब्दामुळे झाली होती. फक्त तिथे हसण्यासारखं काही नव्हतं. ती गोष्ट पुढे सांगतोच. आधी हा शब्द जरा नीट बघून घेऊ.

आधी दूध, मग सेवा

इंग्रजीतला ‘नर्स’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि तिथे तो लॅटिनमधून आला. मुळात त्याचा अर्थ खाऊ घालणं, पोसणं. ‘न्यूट्रिशन’ म्हणजे पोषण, हा शब्दही त्याच मुळाचा. पूर्वी नर्स म्हणजे दुसऱ्याच्या बाळाला आपलं दूध पाजणारी बाई. संस्कृतमध्ये तिला धात्री म्हणतात, आपण दाई किंवा दूधआई म्हणतो. बाळ संभाजीराजांना दूध पाजणाऱ्या कापूरहोळच्या धाराऊ मराठी माणसाला सांगायला नकोत. शब्दाच्या मूळ अर्थाने बघितलं, तर त्या नर्सच.

पुढे दूध पाजणारी बाई बाळाला सांभाळूही लागली, म्हणून बाळाला सांभाळणारी ती नर्स झाली. बाळांची खोली ती नर्सरी. मग बाळांची शाळाही नर्सरी आणि कोवळी रोपं वाढवायची जागाही नर्सरी. आणि जो आजारी पडतो, त्याचंही बाळासारखंच करावं लागतं. भरवायचं, पुसायचं, कूस बदलायची, रात्री उठून बघायचं. म्हणून आजाऱ्याचं करणारी तीही नर्स. आज आपल्याला हा शेवटचा अर्थ पहिला आठवतो, आणि पहिला अर्थ औषधाच्या कागदावर तेवढा उरला आहे.

त्या कागदाबद्दल दोन गोष्टी सांगून ठेवतो. अंगावर पाजणाऱ्या आईने खोकल्याचं औषध स्वतःच्या मनाने घेऊ नये. काही औषधांत कोडीन असतं, ते दुधातून बाळाला जातं आणि बाळाला गुंगी येऊ शकते, श्वास मंद होऊ शकतो. पण याची उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. कागदावरची एक ओळ वाचून घाबरून बाळाचं दूध तोडू नका. बरीचशी नेहमीची औषधं पाजतानाही चालतात, आणि एखादं चालत नसेल तर बहुतेक वेळा दुसरं देता येतं. साध्या सर्दी-तापात बाळाला पाजत राहावं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि नंतर वरच्या अन्नासोबत दोन वर्षांपर्यंत, हा सल्ला सर्दीने बदलत नाही. औषध घेताना डॉक्टरांना आणि मेडिकलवाल्याला एवढंच आठवणीने सांगा: “मी बाळाला पाजते.”

नर्सिंग होम: इथलं आणि तिथलं

आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे छोटं खासगी हॉस्पिटल. दहा-पंधरा खाटा, एक ऑपरेशन थिएटर, बहुतेक वेळा डॉक्टर वरच्या मजल्यावर राहणारे. कायद्यातही हाच शब्द आहे. आपल्या राज्यात खासगी रुग्णालयांची नोंदणी होते ती १९४९ सालच्या नर्सिंग होम्स नोंदणी कायद्याखाली, आणि त्यात प्रसूतिगृहंही येतात. इंग्लंड-अमेरिकेत मात्र आज नर्सिंग होम म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ते घरी सांभाळणं शक्य नसलेले वृद्ध. तिथे माणूस चार दिवसांसाठी नाही, बहुधा कायमचा राहायला जातो.

माझ्या एका पेशंटचा मुलगा अमेरिकेत असतो. इथून काकूंनी त्याला फोन केला, “बाबांना नर्सिंग होममध्ये ठेवलंय रे.” बाबांना जुलाबांमुळे सलाईन लावलं होतं, दुसऱ्या दिवशी घरी सोडणार होते. मुलाने ऐकलं ते असं, की आईने बाबांना वृद्धाश्रमासारख्या ठिकाणी नेऊन ठेवलं. त्याने रात्री दोन वाजता मला फोन केला. आधी रागावला, मग रडला, आणि खरं कळल्यावर मग हसला.

दुखणं ‘काढणं’

इंग्रजीत नर्सिंगचे आणखीही उपयोग आहेत. सर्दी झाली म्हणून एक दिवस पांघरूण घेऊन पडून राहिलं, तर तो माणूस सर्दीला ‘नर्स’ करतो. पाय मुरगळला म्हणून जपून चालला, तर पायाला. कोणावरचा राग वर्षानुवर्षं मनात सांभाळून ठेवला, तर त्या रागालाही तो ‘नर्स’च करतो. आपण याला अढी बाळगणं किंवा डूख धरणं म्हणतो. पार्टीत एकच ग्लास तासभर हातात धरून बसणाराही त्या ग्लासला ‘नर्स’ करत असतो. सगळीकडे भाव एकच आहे: हातातली गोष्ट सोडायची नाही, तिला जपायचं, सांभाळायचं.

आपल्या मराठीत यासाठी एक गंमतशीर क्रियापद आहे, ते म्हणजे ‘काढणं’. दुसऱ्याचं दुखणं काढलं, म्हणजे त्याची सेवा केली, त्यातून त्याला बाहेर काढलं. आणि स्वतःचं दुखणं अंगावर काढलं, म्हणजे कोणाला सांगितलं नाही, औषध घेतलं नाही, रेटून नेलं. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या कितीतरी बायका ही दोन्ही कामं एकाच वेळी करत असतात. सासऱ्यांचं दुखणं काढतात आणि स्वतःचं अंगावर काढतात. सासऱ्यांच्या शुगरचा आकडा त्यांना तोंडपाठ असतो, स्वतःचं हिमोग्लोबिन शेवटचं कधी तपासलं ते आठवत नाही.

आता माझ्या चुकीची गोष्ट.

“औषधापेक्षा नर्सिंग महत्त्वाचं”

एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले एक आजोबा माझे जुने पेशंट. पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आठ-दहा दिवस हॉस्पिटलमध्ये राहून घरी आले. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या खाली एक ओळ होती, घरी चांगलं नर्सिंग ठेवा, अशा अर्थाची. मुलगा कार्ड घेऊन माझ्याकडे आला. मी गोळ्या समजावून सांगितल्या आणि शेवटी म्हणालो, “आता औषधापेक्षा नर्सिंग महत्त्वाचं. त्यावर भर द्या.” त्याने मान डोलावली. बाहेर वीस-पंचवीस पेशंट बसले होते. मी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

तीन आठवड्यांनी त्याचाच फोन आला. बाबांना ताप आहे, खात नाहीत. मी घरी गेलो. आजोबांना कुशीवर वळवलं आणि माकडहाडावरची जखम बघितली. छोटी वाटी बसेल एवढी, आतून काळपट आणि वास येणारी. बेडसोर.

मी रागावून विचारलं, “कुशीवर वळवत नव्हतात का? मी नर्सिंगचं सांगितलं होतं ना?”

मुलगा म्हणाला, “डॉक्टर, तुम्ही सांगितलं म्हणून ब्युरोमध्ये चौकशी केली. दोन पाळ्यांच्या नर्सचे पैसे परवडण्यासारखे नव्हते. मग एक मुलगी लावली. ती सकाळी तासभर येते, बीपी बघते, गोळ्या देते, पावडर लावते.”

“आणि बाकीचे तेवीस तास?”

तो गप्प राहिला. दाराशी आजी उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “माझ्या सासूबाईंचं मी अडीच वर्षं केलं, डॉक्टर. हगणं-मुतणं सगळं काढलं. त्यांच्या पाठीला एक फोड आला नाही कधी. पण यांना तुम्ही नर्सिंग सांगितलंत. मला वाटलं, आपण अडाणी, आपला हात लागून काही बिघडायला नको.”

मी त्या घरात बराच वेळ काही बोललो नाही.

ज्या बाईला ते काम माझ्यापेक्षा चांगलं येत होतं, तिचे हात माझ्या एका शब्दाने बांधले गेले होते. मी ‘नर्सिंग’ म्हणालो आणि त्या घरात त्याचा अर्थ झाला पांढरा ड्रेस, शिकलेली मुलगी, महिन्याचे काही हजार रुपये. मी जर एवढंच म्हणालो असतो, “आजी, सासूबाईंचं केलंत तसंच यांचं करा,” तर ती जखम बहुधा झाली नसती. त्या दिवशी मी मुलावर रागावलो, पण चूक माझी होती. आजींना मी ते तिथेच सांगितलं.

जुन्या लोकांना हे माहीत होतं

मी शोधलेलं यात नवीन काही नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल क्रिमियन युद्धातून परत आल्यावर १८६०च्या सुमारास तिचं ‘नोट्स ऑन नर्सिंग’ हे छोटं पुस्तक आलं. अनेकांना वाटतं ते नर्सचं पाठ्यपुस्तक आहे. पण घरात ज्यांच्यावर कोणाच्या तरी प्रकृतीची जबाबदारी आहे अशा साध्या बायकांसाठी तिने ते लिहिलं होतं. त्यातही तिची तक्रार हीच आहे, की नर्सिंग म्हणजे औषध पाजणं आणि पोटीस बांधणं एवढंच लोक समजतात. तिच्या मते त्यात मोकळी हवा, उजेड, ऊब, स्वच्छता, शांतता आणि योग्य जेवण हे सगळं येतं. आजाऱ्याच्या खोलीतला गोंगाट आणि भेटायला येणाऱ्यांची पोकळ बडबड याबद्दलही तिने कडक शब्दांत लिहिलं आहे. आपल्याकडच्या भेटायला येणाऱ्यांनीही ते वाचायला हरकत नाही.

चरकसंहितेत उपचाराचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाला वैद्याच्या बरोबरीने एक पाय मानलं आहे आणि त्याचे चार गुण दिले आहेत: सेवा कशी करायची याचं ज्ञान, कामातली तत्परता, रोग्याबद्दल माया आणि स्वच्छता. माया ही तिथे ऐच्छिक नाही, ती पात्रतेचाच भाग आहे.

आणि आपला ‘शुश्रूषा’ हा शब्द. मराठीत आपण सेवा-शुश्रूषा असा जोडून वापरतो, पण तो ‘श्रु’ म्हणजे ऐकणं या धातूपासून आला आहे. शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. तिथून ती आज्ञेत राहणं आणि सेवा करणं या अर्थापर्यंत आली. इंग्रजी शब्दाचं मूळ भरवण्यात आहे आणि आपल्या शब्दाचं ऐकण्यात. आजाऱ्याला दोन्ही लागतं.

नर्सची गरज नाही, असं नाही

हे वाचून कोणी असं समजू नये, की घरच्या माणसांना सगळं जमतं. नर्सिंग हे शिकून येणारं शास्त्र आहे. जीएनएमचा अभ्यास तीन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंगचा चार वर्षांचा. त्या आजोबांच्या जखमेचं ड्रेसिंग कसं करायचं, नळीने कसं भरवायचं, हे घरच्यांना शिकवलं ते एका अनुभवी सिस्टरनेच. मी शिकवलं असतं तर त्यांना इतकं नीट समजलं नसतं.

फक्त एक लक्षात ठेवा. ब्युरोतून येणारी प्रत्येक व्यक्ती नोंदणी असलेली नर्स नसते. बऱ्याचदा ती काळजीवाहक असते. अंघोळ घालणं, भरवणं, वळवणं ही कामं ती उत्तम करू शकते. पण इंजेक्शन, सलाईन, नळ्या बदलणं यासाठी शिक्षण आणि नोंदणी आहे का, हे स्पष्ट विचारा. तसं विचारण्यात कोणाचा अपमान नाही.

मग ‘नर्सिंग’ सांगितलं, म्हणजे काय करायचं?

तुमच्या घरी अंथरुणाला खिळलेलं कोणी असेल आणि डॉक्टर म्हणाले, “नर्सिंग चांगलं ठेवा,” तर त्याचा अर्थ साधारण असा आहे:

- दर दोन तासांनी कूस बदला. डावी, पाठ, उजवी. रात्रीही वळवायचंच; किती अंतराने, ते डॉक्टरांना विचारा. घड्याळाशेजारी कागद लावा आणि वळवलं की खूण करा.
- वळवताना ओढू नका, उचला. चादरीवरून घासल्याने कातडी सोलते.
- रोज एकदा उजेडात माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपरं आणि डोक्याची मागची बाजू बघा. दाबून सोडल्यावरही न जाणारी लाली ही धोक्याची पहिली खूण. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे काळसर झालेला, गरम किंवा कडक लागणारा भाग शोधा. अशा जागेवर चोळू नका, तिच्यावर भार येऊ देऊ नका आणि डॉक्टरांना कळवा.
- हवेची गादी उपयोगी आहे, पण ती आणली म्हणजे वळवायचं काम संपलं असं नाही. मध्ये भोक असलेली गोल उशी माकडहाडाखाली ठेवू नका.
- चादर कोरडी आणि सुरकुत्या नसलेली हवी. लघवी-संडास झाली की लगेच पुसून कोरडं करा.
- भरवताना बसतं करा आणि नंतर अर्धा तास तसंच ठेवा. छोटे घास, सावकाश. पाणी पिताना ठसका लागत असेल, आवाज ओलसर होत असेल, तर भरवणं थांबवा आणि विचारा. झोपवून पाणी पाजू नका.
- तोंड दिवसातून दोनदा तरी स्वच्छ करा. दात नसले तरीही.
- त्यांच्याशी बोला. बोलता येत नाही म्हणजे ऐकू येत नाही, असं नाही. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल, ते तिथे नसल्यासारखं बोलू नका.
- आणि जी व्यक्ती हे सगळं करते, तिला आठवड्यातून काही तास तरी सुट्टी द्या. तिचंही दुखणं अंगावर निघत असतं.

यातल्या बहुतेक गोष्टींना डिग्री लागत नाही. माहिती लागते, सवय लागते आणि पाळ्या लावून काम वाटून घ्यावं लागतं. ती सगळी कामं एकट्या सुनेवर किंवा बायकोवर पडू नयेत. कूस बदलायला मुलाचेही हात चालतात.

पुढे काय झालं

आजोबांची जखम भरायला चार-पाच महिने लागले. तापातून ते बाहेर आले. दुसऱ्या दिवसापासून आजींनी सूत्रं हातात घेतली. मुलगा आणि नातू रात्रीच्या पाळीला, सकाळी ती ब्युरोची मुलगी, आणि सगळ्यांवर देखरेख आजींची. नंतर एकदा मी गेलो, तेव्हा आजोबा तोंडाने नुसतेच काही आवाज करत होते. मला काहीच कळलं नाही. आजी म्हणाल्या, “त्यांना खिडकी उघडी हवीय. एसटी स्टँडवरची घोषणा ऐकायची असते या वेळेला.” खिडकी उघडली. आजोबा शांत झाले.

आजोबा त्यानंतर दीड वर्ष होते. परत बेडसोर झाला नाही.

तेव्हापासून मी कोणाच्याही कागदावर नुसतं ‘नर्सिंग’ लिहीत नाही. कोणी करायचं, काय करायचं, किती वाजता करायचं, ते मराठीत लिहितो. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला आधी विचारतो, “तुम्ही यापूर्वी कोणाचं दुखणं काढलंय का?” बहुतेक घरांत उत्तर ‘हो’ असतं.

तुमचे डॉक्टर नुसतं ‘नर्सिंग’ म्हणाले, तर तुम्हीही त्या बँकेतल्या आईसारखं बिनधास्त विचारा, “म्हणजे नक्की काय?” हसलं कोणी तरी चालेल.